तीन नंबरचं इंजिन

निळं इंजिन पहिल्यांदा आपणहून चाललं तेव्हा सासूबाई चहा पीत होत्या आणि त्यांचे दोन्ही हात कपाला होते. हे त्यांनी सुनेला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी तो कप सुनेच्याही डोळ्यांसमोर दिसायला लागला.

"हँडसेट टेबलावर. मी त्याला शिवलेसुद्धा नाही. आणि हे आपलं यार्डातून निघालं, दिवा लावून, भोंगा वाजवून, जशी काही मीच हाक मारली होती!"

"आई, बटण चुकून दाबलेलं राहिलं असेल आधी."

"मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभा जन्म काढला. एकाचा फोन दुसऱ्याला जोडला नाही कधी. मला बटणं शिकवतेस?"

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुकान दुपारी बंद, म्हणून जेवायला घरी यायची आणि संध्याकाळी परत जायची. नवरा जहाजावर, समुद्रात कुठेतरी. तेव्हा दुपारच्या वेळी घरात काय होईल ते तिच्या एकटीच्या डोक्यावर.

वरच्या मजल्यावरची मागची खोली पूर्ण खेळण्यातल्या गाड्यांची होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत कमरेइतक्या उंचीचं टेबल, त्यावर रूळ, यार्ड, कागदाची घरं, कापसाचा धूर निघणारी भट्टी. हा छंद मूळचा सासूबाईंचा. सासरे घड्याळजी, लग्नानंतर तेही त्यात शिरले आणि मग दोघांनी मिळून ते जग वाढवलं. पूर्वी सगळं एका गोल बटणावर चालायचं. बटण फिरवलं की रुळांतली वीज वाढायची आणि रुळांवर असेल नसेल ती प्रत्येक गाडी पळायची. मग त्यांनी नवी डिजिटल पेटी आणली, हातात धरायच्या हँडसेटवरून हुकूम घेणारी. तिच्यात रुळांतली वीज कायम चालूच. त्या विजेवर बसून पेटीचे हुकूम जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप, प्रत्येक चिपेला नंबर. हुकूम सगळ्यांना ऐकू जातो, पण ज्याचा नंबर पुकारला तेच हलतं. सासूबाईंना हे फारच आवडलं. "हे म्हणजे आमचं एक्सचेंजच की," असं म्हणून त्यांनी सगळ्या इंजिनांना नंबर दिले. निळं तेवढं सगळ्यात शेवटी आलं. ते कारखान्यातूनच तीन नंबर घेऊन आलं होतं. चालतंय ना, मग कशाला हात लावा, म्हणून त्याचा तीन नंबर तसाच राहिला.

भांडण झालं ते पेटीवरून नाही. सासूबाई त्यांच्या बहिणीकडे राहायला गेल्या होत्या, तेव्हा सासऱ्यांनी करवत घेतली आणि टेबलावरचा बाजार मधोमध कापून त्यातून पूल नेला. तो बाजार सासूबाईंनी काड्यापेटीच्या काड्या आणि जुन्या कॅलेंडरचे तुकडे वापरून सबंध हिवाळाभर केला होता. दुकानांना पाट्यासुद्धा होत्या. त्या परत आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "खेळ दोघांचा आणि मर्जी एकाची."

सासरे म्हणाले, "बाजाराला वळण फार अरुंद होतं. मोठी गाडी घसरायची."

"मग मला विचारायचं होतंत."

"तू नव्हतीस."

"फोन नावाची वस्तू जगात आहे. मीच जोडून दिला असता."

त्यानंतर बोलणंच थांबलं. सासऱ्यांचं घड्याळांचं दुकान त्याच इमारतीत तळमजल्यावर होतं आणि त्यामागे एक खोली. तिथे त्यांनी खाट टाकली, हत्यारं लावली, आणि जेवणसुद्धा खालीच घ्यायला लागले. सून ताट घेऊन जिन्याने खालीवर करायची. दोघंही तिच्यामार्फत बोलत. "तुझ्या सासूला सांग, मिठाची बरणी खाली राहिलीय." "तुझ्या सासऱ्यांना सांग, त्यांना मीठ कमीच लागतं, आम्हाला नको." मध्ये सून, पोस्टमनसारखी.

आणि आता हे इंजिनाचं झेंगट.

सुनेला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण डोळे तपासताना एक नियम ती पाळायची: एका वेळी एकच काच बदलायची आणि विचारायचं, आता बरं की मघाचं बरं? तिने तोच नियम इथे लावला. आधी रूळ स्पिरिटने पुसले. मग सगळ्या चाकांचा काळा थर काढला. टेबलाखाली पाठीवर झोपून एकेक वायर ओढून पाहिली. केसांत भुसा घेऊन बाहेर आली. हँडसेटची बॅटरी बदलली. रुळांचा एकेक भाग तोडून पाहिला. सकाळी सगळं शहाण्यासारखं चालायचं. दुपार झाली, की निळं इंजिन अंगात आल्यासारखं करायचं. उभं असलं तर निघायचं, निघालेलं असलं तर थांबायचं, मध्येच उलटं जायचं. सासूबाई थांबवायच्या, ते पुन्हा निघायचं.

"उन्हाने रूळ फुगत असतील," सून म्हणाली.

"मग बाकीच्या गाड्यांना ऊन लागत नाही?"

"शेजारच्यांचं धुण्याचं मशीन दुपारी चालतं. त्याची वीज आपल्या विजेत मिसळत असेल."

सासूबाई स्वतः शेजारी जाऊन विचारून आल्या. मशीन गेल्या आठवड्यापासून बंद पडलं होतं.

शेवटी निळं इंजिन कपाटात ठेवलं, तर टेबलावरचं एकही इंजिन आपणहून हललं नाही. म्हणजे दोष त्या इंजिनातच. सून छंदाच्या दुकानातून नवी चिप घेऊन आली. सासूबाईंनी भिंग लावून ती बसवली. सकाळी इंजिन छान चाललं. दुपारी दोघी जेवायला बसल्या आणि मागच्या खोलीतून भोंगा ऐकू आला.

सुनेच्या हातातला घास हातातच राहिला. चिप नवी, वायर नवी, रोग जुनाच! हे कसं होतं?

त्या दुपारी सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारते, खरं सांग. मीच तर दाबत नसेन? दाबते आणि विसरते, असं होत नसेल ना? माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. गॅस लावायची आणि म्हणायची, कोणी लावला?"

"काहीतरीच काय, आई!"

"तू काही दुपारभर माझ्याशेजारी बसून नसतेस. आणि रविवारी एक्सचेंजमधल्या सगळ्या जणी गाड्या बघायला यायच्या आहेत. त्यांच्यासमोर माझी शोभा व्हायला नको. आणि हे बघ, खाली बोलू नकोस. माझी शपथ आहे."

सुनेने मान हलवली. पण जिना उतरताना तिच्या मनातून ते जाईना. इंजिन बिघडणं वेगळं. माणसाचं असं काही सुरू झालं तर कुठली काच बदलायची?

खाली सासरे खिडकीशी बसले होते. डोळ्याला घड्याळजीचं भिंग, समोर एक लाल इंजिन उघडं करून ठेवलेलं, पोटातलं सगळं बाहेर. बाकावर वीतभर रूळ ठोकलेला होता. रुसून खाली आले तरी छंद काही सुटला नव्हता. वरच्यासारखीच आणखी एक पेटी आणून त्यांनी ती बाकाखालच्या पत्र्याच्या कपाटात बसवली होती. हँडसेट मात्र घेतला नव्हता. मोबाइलमधल्या ॲपवरूनच इंजिन चालवायचे.

"ताट ठेव तिथे," ते म्हणाले. मग ती वळली तशी म्हणाले, "थांब जरा. माझे डोळे तपासशील? दुकानात नाही. इथेच."

"का? काही त्रास होतोय?"

त्यांनी लाल इंजिनाकडे बोट केलं. "हे गेले कित्येक दिवस रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी दुरुस्त करतोय. मोटार चांगली, तिचे ब्रश चांगले, वायरींचे टाके चांगले. चिप बदलली. तू नाही का आणून दिलीस? तरी मेलेलं ते मेलेलंच. एक दिवस चाललं बरं का! असं पळालं की बाकावरून खाली पडायचं राहिलं. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थंड." ते थोडा वेळ बोटं चोळत राहिले. "माझ्या हातून कुठलं घड्याळ असं परत गेलेलं नाही. तेव्हा एक तर डोळे गेलेत, नाही तर हात. डोळे असले तर बरं. चष्मा तरी करता येईल."

तिने त्यांचे डोळे उजेडात पाहिले, भिंतीवरचं कॅलेंडर वाचून घेतलं. डोळे ठणठणीत होते. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे हात," ते म्हणाले. "वर सांगू नकोस, तुला शपथ आहे."

सून जिन्यात आली आणि तिला हसावं की रडावं कळेना. छंदाच्या दुकानदाराने परवा विचारलं होतं, "तुमच्या घरात चिपा खातात का हो?" एक चिप वर, एक खाली. वरचं इंजिन थांबता थांबत नाही, खालचं हलता हलत नाही. तिला नुसतं वाटलं, घराला साडेसाती लागली आहे. दोन दुखणी एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं तिला सुचलं नाही; कारण दोन्ही शपथा वेगवेगळ्या होत्या आणि ती दोन्ही पाळत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम दुकानात निरोप पाठवला, आज संध्याकाळी उशीर होईल. सासूबाईंना खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. "हात मांडीवर ठेवा आणि हलवू नका. मी हँडसेट माझ्याकडे ठेवते." निळं इंजिन यार्डात उभं केलं. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या, मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तशा. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग सुनेला आठवलं, की सासऱ्यांचं ताट गार होतंय. ती हँडसेट सासूबाईंच्या आवाक्याबाहेर, खिडकीत ठेवून ताट घेऊन निघाली.

जिन्याच्या वळणावर ती पोचली तेव्हा खालच्या खोलीचं दार उघडं होतं. सासऱ्यांचा आवाज स्पष्ट आला. "चल रे राजा. आता तरी चल."

आणि त्याच क्षणी वरून सासूबाई ओरडल्या, "गेलं! गेलं! अगं, माझे हात मांडीवर आहेत!"

सून जागच्या जागी थांबली. ताटातली वाटी कलंडून आमटी तिच्या बोटांवर आली.

खालून सासरे पुटपुटले, "नाही म्हणतोय. बरं, उलटं जाऊन बघ."

वरून: "मागे आलं! अगं बाई, मागे आलं!"

"दिवा तरी लाव मेल्या."

"दिवा लागला!"

सुनेने ताट पायरीवरच ठेवलं. ती वर गेली नाही, खालीही गेली नाही. वळणावरूनच दोन्हीकडे तोंड करून ओरडली, "बाबा, भोंगा वाजवा!"

खालून सासरे म्हणाले, "अगं, मेलेल्या इंजिनाला कसला भोंगा?"

"वाजवा तर खरं!"

वरच्या मजल्यावरून लांबलचक भोंगा आला. सासरे भिंग डोळ्यालाच ठेवून दारात आले आणि त्यांनी वर पाहिलं. वरच्या कठड्याशी सासूबाई आल्या आणि त्यांनी खाली पाहिलं. कितीतरी आठवड्यांनी दोघं समोरासमोर होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच प्रश्न.

"तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या.

"मी काय? मी माझं लाल इंजिन चालवतोय."

"लाल नाही, निळं! माझं! इतके दिवस माझ्या जिवाशी खेळ केलात तो तुम्ही?"

"मी कशाला तुझ्या इंजिनाला हात लावू? मी खाली, ते वर."

"मग भोंगा कोणी वाजवला?"

"तुझ्या सुनेने सांगितलं म्हणून मी वाजवला. पण माझा."

सून मध्ये पडली नसती तर हे संध्याकाळपर्यंत चाललं असतं. तिलाही अजून सगळं कळलं नव्हतं, पण तिने सासऱ्यांचा मोबाइल मागून घेतला. पडद्यावर हिरवी खूण होती: पेटी जोडली आहे.

"कुठली पेटी, बाबा?"

"म्हणजे काय? माझीच. नाव आहे ना वर."

तिने मोबाइल कठड्यावरून सासूबाईंना दाखवला. सासूबाईंनी नाव वाचलं आणि चमकून म्हणाल्या, "हे तर माझ्या पेटीचं नाव."

दोन्ही पेट्या एकाच कंपनीच्या. कारखान्यातून येताना दोन्हींच्या वायफायला एकच नाव आणि एकच पासवर्ड. ते बदलायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. "आई, तुम्ही तुमची पेटी बंद करा बरं," सून म्हणाली. सासूबाई आत गेल्या. थोड्या वेळाने मोबाइलवरची हिरवी खूण गेली, गरगरली, आणि पुन्हा आली. सुनेने पुढे जायचं बटण दाबलं. खालच्या खोलीत बाकावर लाल इंजिन ताडकन निघालं आणि रुळाच्या टोकावरून हत्यारांच्या ढिगात जाऊन पडलं.

सासरे धावले. ते उचलून त्यांनी कानाशी धरलं, घड्याळ धरावं तसं. आत मोटार अजून फिरत असल्यासारखे ते ऐकत राहिले.

सासूबाई आता अर्धा जिना उतरून आल्या होत्या. पत्र्याचं कपाट पाहून म्हणाल्या, "पेटी त्यात ठेवलीत? मग तिचा आवाज बाहेर येणार कसा? तुमच्या मोबाइलला माझीच पेटी जवळची वाटणार."

"आणि नंबर?" सून म्हणाली. "हुकूम तुमच्या पेटीतून गेला, तरी निळंच का ऐकतं?"

हे मात्र दोघांना एकदम कळलं. नव्या इंजिनाचा नंबर कारखान्यातून तीन. नव्या चिपेचाही तीन. निळं तीन, लाल तीन, आणि चिप बदलून बदलून त्यांनी दोन्हीकडे पुन्हा तीनच आणून बसवलं होतं.

"मग ते एकदा चाललं कसं?" सासरे विचारात पडले. "ते कधी बरं... तू दात दाखवायला गेली होतीस त्या दिवशी."

"मी नव्हते म्हणून. माझी पेटी बंद होती."

"म्हणजे ते तू घरी नसतानाच चालतं," सासरे म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून त्यांनी जीभ चावली. सासूबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग सासरे स्टुलावर बसले. आपलेच दोन्ही हात समोर धरून पाहिले, उलटे करून पाहिले. "म्हणजे हात ठीक आहेत," ते स्वतःशीच म्हणाले.

"हातांना काय झालं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? बघू."

त्यांनी खरंच हात पुढे केले. सासूबाईंनी ते धरले, बोटं दाबून पाहिली, आणि सोडायचं विसरल्या. "मला वाटत होतं, माझं डोकं गेलं," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी वाटायचं. तुम्ही खाली बसून चल रे राजा करत होतात आणि मी वर मावशीची आठवण काढत होते."

सून मान वळवून घड्याळांकडे बघत राहिली. भिंतीवरचं एकही घड्याळ दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

पण एवढ्यावर सगळं मिटलं असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. त्याच दुपारी सासरे वर गेले, पेटीचं नाव बदलायला. गेले तसे पुलापाशी थांबले. कापलेल्या बाजाराच्या दोन्ही कडा सासूबाईंनी कोऱ्या कागदाने झाकून ठेवल्या होत्या. सासरे म्हणाले, "उतार जरा जास्तच झालाय." सासूबाई म्हणाल्या, "पाटी लावायचीय का तशी?" मग नंबरांवरून जुंपली. लाल कुठला घेणार? सासऱ्यांना सात हवा होता. सात आधीच मालगाडीला दिलेला. "तुम्ही खाली राहता, तुम्हाला खालचे नंबर," असं सासूबाईंचं म्हणणं. सून चहा घेऊन आली तेव्हा दोघं एकाच हँडसेटवर ओणवून तावातावाने भांडत होते, आणि ते जुनंच भांडण चाललंय की नवं, हे तिला ओळखता येईना. ती कप ठेवून निघून आली.

रविवारी एक्सचेंजच्या मैत्रिणी आल्या. सगळ्यांनी खुर्च्या सोडून टेबलाभोवती कोंडाळं केलं. एकीने हँडसेट कानाला लावून जुन्या सवयीने "नंबर सांगा" म्हटलं आणि सगळ्या खो खो हसल्या. निळं इंजिन सांगितलं तिथे गेलं, सांगितलं तिथे थांबलं. सासरे भिंतीला टेकून उभे होते, कोणी विचारलं तर उत्तर देत होते. मालगाडी पुलाच्या चढावर अडली तेव्हा ते पुढे झाले आणि न बोलता बोटाने तिला हलकेच वर लावून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "थँक्यू." ते पाहुण्यांसमोरचं होतं की खरं, हेही सुनेला कळलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सासरे खालीच झोपायला गेले. नवऱ्याचा जहाजावरून फोन आला. त्याने विचारलं, "मिटलं का?" सून म्हणाली, "मला विचारू नकोस. बोलतात. भांडतात. परवा दोघं मिळून बाजार मोजत होते. पण खाट अजून खालीच आहे."

खाट वर आली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी. दुकानासमोरच्या हमालाला हाताशी घेऊन सासऱ्यांनी ती जिन्यातून आडवी-उभी करत वर चढवली. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"हे काय?"

"खाली फार ओल येते," सासरे म्हणाले.

"मग आधी सांगायचं. खिडकीशी लावा."

सून नंतर खाली जाऊन आली. तिने चारही भिंतींना हात लावून पाहिला. ओल कुठेच नव्हती.